इंजिन शेडमध्ये आहे

आमच्या गच्चीवर रेल्वे आहे, हे मिरजेत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ती चालताना पाहिलेला माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे. ती चालत नाही असं मुळीच नाही. रात्री साडेदहाला, गल्ली झोपल्यावर, ती इतकी सुरेख चालते की मला गहिवरून येतं. पण पाहुण्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की तिला कळतं. पाचव्या पायरीला ती आचके देते, आणि पाहुणे धापा टाकत गच्चीत पोचतात तेव्हा इंजिन जुन्या टॉवेलवर उताणं पडलेलं असतं. चाकं वर, पोट उघडं.

"आज बंद वाटतं?"

"बंद नाही. शेडमध्ये आहे."

"काय झालंय?"

"काही नाही, जरा सुधारणा चालू आहे."

उभी हयात सरकारी खात्यात गेल्यामुळे, बंद पडणं आणि सुधारणा चालू असणं यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगता येतो. पाहुणे चहा पितात, "छान छंद आहे" म्हणतात आणि जाताना बायकोकडे सहानुभूतीनं बघतात.

ज्यांच्या डोळ्यांपुढे जत्रेतली चावीची आगगाडी आली असेल त्यांच्यासाठी सांगतो. हे मोठ्या मापाचं प्रकरण आहे. १९६८ साली न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीनं बागेत, ऊनपावसात धावणारी मोठी छोटी गाडी बाजारात आणली आणि युरोपातल्या निवृत्त पुरुषांना घराबाहेर काढलं. तिच्या रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, प्रमाण १:२२.५. गुणाकार करा, हजाराच्या अगदी शेजारी येतो. म्हणजे मीटरगेज! आता मिरजेत जन्मलेल्या माणसाला मीटरगेज म्हटल्यावर काय होतं, ते बाहेरगावच्यांना कळायचं नाही. पुण्याकडची लाईन सत्तरच्या सुमारास ब्रॉडगेज झाली, तरी बेळगाव-हुबळीकडची मीटरगेज त्यानंतरही बरीच वर्षं होती. वायपी इंजिनाच्या शिट्टीवर आमच्या घरात भाताचं आधण चढत असे.

आमचं इंजिन त्या लेमान कंपनीचं नव्हे. कोणत्या कंपनीचं ते सांगणार नाही, त्या बिचाऱ्यांनाही मुलंबाळं असतील. भाचा स्टुटगार्टला असतो. तिथल्या जुन्या बाजारात एका आजोबांकडून त्यानं ते माझ्यासाठी घेतलं. पैसे मोजून घेताना आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. भाच्याला वाटलं, वियोगाचं दुःख. आज मला त्या अश्रूंचं खरं कारण माहीत आहे. सुटलेल्या माणसाचे अश्रू होते ते.

मिरज हे डॉक्टरांचं आणि तंबोऱ्यांचं गाव. इथं माणसाच्या कुठल्याही अवयवाचा तज्ज्ञ सायकलच्या अंतरावर मिळतो, आणि भोपळ्यातून षड्ज काढणारा कारागीर त्याच्या पलीकडच्या बोळात. इंजिनाचा तज्ज्ञ तेवढा नव्हता. तो वर्तमानपत्र मागायला आला. आमच्या मागच्या घरातले ड्रायव्हरसाहेब मीटरगेजवर फायरमन म्हणून लागले आणि डिझेलवरून निवृत्त झाले. वाफेबद्दल बोलताना ते उभे राहतात, डिझेलबद्दल बसून बोलतात, आणि विजेच्या इंजिनाचा विषय निघाला की घरी जातात. मोटरवर चालणारं माझं इंजिन त्यांनी चालवून घेतलं, ते वरून वाफेचं दिसत होतं म्हणूनच.

त्यांच्यामागून एक निवृत्त सर्जन आले, कारण सकाळी अकरानंतर काय करायचं हे त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. आणि तंबोरे करणारे आमचे मित्र आले, ते जिथं कुठं चहा असेल तिथं येतातच. अशी आमची लोकोशेड पूर्ण झाली. शेडमध्ये इंजिन एक आणि साहेब चार. हे प्रमाण खऱ्या रेल्वेतही फार वेगळं नसतं, असं ड्रायव्हरसाहेब म्हणाले. ते त्यांचं मत, माझं नव्हे.

पहिलं दुखणं किरकोळ होतं. वळणावर इंजिन बारीक कुंईकुंई करायचं. सोबतच्या पुस्तिकेत उपाय दिलेला होता: प्रत्येक आसाला सुईच्या टोकानं एक थेंब तेल. ड्रायव्हरसाहेबांनी ते ऐकलं आणि चष्मा काढला.

"एक थेंब? आम्ही वायपीला लिटरनं पाजत होतो की ओ. थेंबानं काय, दृष्ट काढायची हाय?"

दुसऱ्या दिवशी ते लांब चोचीची तेलाची कुप्पी घेऊन आले. ती त्यांनी निवृत्तीच्या वेळी शेडमधून आठवण म्हणून आणली होती. इंजिन तृप्त झालं. तेल आसातून चाकावर आलं, चाकावरून रुळावर आलं आणि रुळावरून गच्चीभर फिरलं. बटण दाबलं की चाकं गरागरा फिरायची, गाडी जागच्या जागी.

"स्लिप मारतंय," ड्रायव्हरसाहेब समाधानानं म्हणाले. "वाळू सोडा."

खऱ्या इंजिनावर वाळूचा डबा असतो. चढावर किंवा ओल्या रुळावर चाक घसरायला लागलं की त्यातून चाकाखाली बारीक वाळू सोडतात, पकड मिळते. शास्त्र शंभर टक्के बरोबर. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून मूठभर वाळू आली. गाडी खरोखर धावली. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर आतून करकर ऐकू आली.

तंबोरेवाल्यांनी कान लावला. "खर्ज आहे, पण जवारी बिघडलीय."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. "क्रेपिटेशन्स. दोन्ही बाजूंना. उघडावं लागेल."

उघडलं. शस्त्रक्रियेची तयारी बघून मला स्वतःला भूल द्यावीशी वाटली. टेबलावर हिरवं कापड, वर दिवा, ओळीनं मांडलेले आर्टरी फोर्सेप. सांगायला हरकत नाही, बारीक स्क्रू धरायला आर्टरी फोर्सेपपेक्षा चांगलं हत्यार अजून निघालेलं नाही. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सगळे स्क्रू मोजून पाटीवर लिहायला लावले, तोंडाला मास्क बांधला आणि मला "बीपी?" असं विचारलं. मी इंजिनाचं सांगू की माझं, या विचारात असताना झाकण निघालं. आत तेल आणि वाळू यांचा उत्तम प्रतीचा लेप तयार झाला होता. त्यानं गिअर पॉलिश करता आले असते. खरं तर झालेच होते, दात जाईपर्यंत.

सगळं पुसून, बसवून, झाकण लावलं. एक स्क्रू उरला.

डॉक्टर त्या स्क्रूकडे बराच वेळ बघत राहिले. "आयुष्यभर मला आत काही राहिलंय का याची भीती वाटली," ते म्हणाले. "बाहेर उरलं, हे पहिल्यांदाच."

इथं एक गोष्ट जाणकार म्हणून सांगतो. या मोठ्या मापाच्या इंजिनांत आसावरचा गिअर हा एक नाजूक जीव असतो. पुष्कळ इंजिनांत तो प्लास्टिकचा असतो, धातूच्या आसावर दाबून बसवलेला. वर्षानुवर्षं ताणात राहून एक दिवस त्याला केसाएवढी चीर जाते. मग तो आसावर सैल होतो. मोटर फिरते, गिअर फिरतो, आस फिरत नाही. बाहेरून सगळं ठीक, आतून कुणाचा कुणाला पत्ता नाही. आमच्या गिअरचे दात वाळूनं नेले होते आणि उरलेल्याला चीर पडली होती. म्हणजे रोगी आधीच गेलेला होता, आम्ही त्याच्यावर उपचार करत होतो.

नवा गिअर परदेशातून मागवला तर इंजिनाच्या किमतीला हात पोचत होता. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, कोल्हापूर कशाला आहे? उद्यमनगरात लेथवर रॉकेटसुद्धा कातून मिळेल, फक्त नमुना न्या. मी नमुना कागदात गुंडाळून नेला. कारागिरानं तो तळहातावर घेतला.

"कुठल्या ट्रॅक्टरचा?"

"रेल्वे इंजिनाचा."

त्यानं धूळ समजून फुंकर मारली. गिअर गेला. दुकानातली सगळी माणसं गुडघ्यावर आली. कुणीतरी मोठ्या उत्साहानं जमिनीवरून लोहचुंबक फिरवायला लागला. गिअर प्लास्टिकचा आहे हे त्याला सांगायचं धैर्य मला झालं नाही. शेवटी तो कारागिराच्याच भुवईत सापडला.

"किती डझन करायचे?"

"एक."

"एक डझन?"

"एक नग."

तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिला, की मी दोन करायला सांगितले. पितळेचा गिअर मात्र त्यानं फार देखणा करून दिला. "आता उसाची ट्रॉली ओढली तरी तुटायचा नाही," अशी हमी दिली, आणि ती खरी ठरली. गिअर तुटला नाही. मोटर जळली.

सुधारणा म्हणतात ती इथून सुरू झाली. मोटर जळली म्हणून ताकदीची बसवली. ती इतका करंट खायला लागली की तारा वितळल्या. तारा जाड घातल्या तर झाकण बसेना. झाकण बसावं म्हणून आतला शिशाचा ठोकळा काढला, तर इंजिन हलकं झालं आणि चाकं घसरायला लागली. ड्रायव्हरसाहेबांनी हात पुढे केला.

"वाळू."

बायकोचा या सगळ्याशी संबंध नव्हता, असं तिचं म्हणणं. ती गणिताची शिक्षिका होती. निवृत्तीनंतर ती दोनच गोष्टी हिशेबानं करते, एक वाळवणं आणि दुसरी माझी वाळवणी. पण रूळ पितळेचे आहेत हे तिला कळलं आणि ती नाइलाजानं ओढली गेली. बागेतल्या गाड्यांचे रूळ पितळेचे करतात, कारण गंजत नाहीत आणि वीज चांगली वाहतात. काळे मात्र पडतात, आणि त्या काळ्या थरातून वीज चाकापर्यंत पोचत नाही. मिरजेच्या पावसाळ्यात तर दोन दिवसांत रूळ आणि गच्चीचा कठडा एकाच रंगाचे होतात. उपाय म्हणजे घासणं. मी भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन गुडघ्यावर रांगत एक फेरा पूर्ण करायचो, तोवर जिथून सुरुवात केली तिथं काळं पडायला लागलेलं असायचं.

"तुमचे रूळ आणि माझी समई एकाच धातूची," ती वरून म्हणाली. "चिंच लावा."

चिंच लावली. रूळ असे उजळले की देवघर फिकं पडलं. डॉक्टर तर नमस्कार करून आत आले. पण चिंचेचा चिकटा राहिला, त्यावर चाकं अडली. त्या आठवड्यात आमच्या रेल्वेचा वापर फक्त मुंग्यांनी केला, आणि फार शिस्तीनं केला. दोन्ही दिशांना वाहतूक, एकही अपघात नाही.

भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, मामा, रूळ साफ करणारं इंजिन मिळतं. खरंच मिळतं. त्याच्या पोटाखाली जास्तीची चाकं असतात, ती वेगळ्या मोटरनं रुळावर घासत जातात. किंमत ऐकून मी खुर्चीवर बसलो. मग शांतपणे विचार केला. इंजिन चालावं म्हणून रूळ साफ हवेत. रूळ साफ व्हावेत म्हणून हे दुसरं इंजिन. आणि हे दुसरं इंजिन चालायला?

"रूळ साफ हवेत," बायको म्हणाली. तिला गणितात शंभर पडत असत.

एप्रिल आला आणि खरा तंटा झाला. एप्रिलमध्ये गच्ची ही कुरडया, सांडगे आणि पापडांच्या मालकीची असते, हे दक्षिण महाराष्ट्रात वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय त्या उन्हात पितळही स्वस्थ बसत नाही. दहा मीटर रूळ तीस अंशांनी तापला की साडेपाच-सहा मिलिमीटर लांबतो. सांध्यांत फट ठेवली नसेल तर तो बाजूला फुगतो. आमचा रूळ दुपारी दोन वाजता कुरडयांच्या साडीत फुगला. संध्याकाळी कुणीतरी उत्साहानं गाडी सोडली. कोणी ते नक्की ठरलेलं नाही, शेडमध्ये अजून चौकशी चालू आहे. गाडी चिकाच्या कुरडया तुडवत पाण्याच्या टाकीवर आदळली.

बायकोनं अनिश्चित काळाचा मेगाब्लॉक जाहीर केला.

मी तिला वॉल्ट डिस्नेची हकीकत सांगितली. मिकी माऊसवाल्या या गृहस्थानं १९५० साली लॉस एंजेलिसच्या आपल्या घराच्या आवारात माणूस वर बसेल एवढी वाफेची गाडी उभारली. प्रमाण १:८, लाईन जवळजवळ अर्धा मैल. रूळ बायकोच्या फुलांच्या ताटव्यावरून जाणार होते. त्यावर त्यानं काय करावं? ताटव्याखालून नव्वद फुटांचा बोगदा काढला. घरच्यांशी वाटेच्या हक्काचा रीतसर कागद केला. आणि इंजिनाला बायकोच्या नावावरून लिली बेल नाव दिलं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. तिला त्यातला एकच शब्द आवडला.

"कागद करा."

कागद झाला. ड्रॉवरमधल्या एका लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजू कामी आली. कलम एक: वाळवणाच्या दिवसांत सूर्यास्तापर्यंत वाहतूक बंद. कलम दोन: तेलाची कुप्पी जिन्याच्या वर आणायची नाही. कलम तीन: इंजिनाला तिचं नाव द्यायचं नाही.

"का?" मी दुखावून विचारलं. "डिस्नेनं दिलं होतं."

"त्याचं चालत होतं. इथं गल्लीत रोज कुणीतरी विचारणार, आज चालू आहे का बंद."

कलम चार: गच्चीवर रेल्वे एकच राहील. खाली चौघांच्या सह्या. डॉक्टरांची सही वाचता येत नाही म्हणून त्यांचा अंगठा घेतला.

मधल्या काळात धुराचा प्रयोग झाला, तो थोडक्यात आटोपतो. अशा इंजिनाच्या चिमणीत छोटा हीटर बसवतात, वर खास तेलाचे थेंब टाकतात, धूर निघतो. आम्ही टाकलेल्या थेंबांत ड्रायव्हरसाहेबांचा हात होता, त्यामुळे शेजारच्या इमारतीतल्या बायकांनी डासांची फवारणी आली समजून खिडक्या लावून घेतल्या. तरी ते नाराजच होते.

"पांढरा आहे," मी म्हटलं. "काळा हवा होता का?"

"काळा धूर म्हणजे फायरमन बिनकामाचा. आग नीट लावली तर चिमणीवर नुसती फिक्कट झाक दिसत्ये. माझ्या इंजिनाचा धूर कुणी बघितला नाही कधी."

म्हणजे धूर न काढणारं इंजिन हेच अस्सल. ही एकमेव सुधारणा अशी, जी हीटर जळून गेल्यामुळे आपोआप आणि कायमची झाली.

आवाजाचं मात्र तसं नव्हतं. आवाजात तंबोरेवाले होते. भाच्यानं पाठवलेल्या ध्वनीच्या कार्डातून इंजिन छुक-छुक करायचं, पण आपल्या मर्जीनं. चाकं थांबली तरी छुक, धावली तरी छुक. ड्रायव्हरसाहेबांना ते एक क्षण सोसवेना. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके पडतात, कमी नाही, जास्त नाही. ते साधायला आसावर चार बारीक लोहचुंबक चिकटवायचे आणि खाली एक स्विच. चुंबक समोर आला की एक ठोका. डॉक्टरांनी ते आर्टरीनं, श्वास रोखून चिकटवले. पहिली फेरी झाली आणि तंबोरेवाल्यांनी डोळे मिटून हातानं ताल धरला.

"दादरा लागलाय."

"म्हणजे?"

"तीनच मात्रा येताहेत. एक दोन तीन, एक दोन तीन. केहरवा पाहिजे ना तुम्हाला?"

खाली वाकून बघितलं तर एक चुंबक निखळून मोटरला चिकटला होता. तो काढून परत लावला, तर दुसरा गेला. मग काही दिवस आमचं इंजिन झपतालाच्या आसपास काहीतरी करत होतं. तंबोरेवाल्यांना ते आवडायला लागलं होतं, ते म्हणत होते राहू द्या. पण ड्रायव्हरसाहेब स्टॉपवॉच घेऊन बसले होते.

"साठच्या स्पीडला वायपी किती ठोके देईल, काढा बरं."

"चाक केवढं?" बायकोनं शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता विचारलं.

"साडेचार फुटी."

"सेकंदाला पंधराच्या वर जातात," ती म्हणाली. "मोजणार कोण? नुसती घरघर ऐकू येईल."

ड्रायव्हरसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. ते स्टेशनावर सलाम करत असत तो हात अर्धा वर गेला. "बरोबर. नुसती घरघरच. वहिनी, तुम्ही कधी फूटप्लेटवर होता?"

त्या दिवसापासून ती शेंगा घेऊन वर येऊन बसायला लागली. संबंध नाहीच, असं तिचं म्हणणं कायम होतं. फक्त उजेड चांगला असतो, म्हणाली.

गच्चीच्या उताराचा शोधही तिनंच लावला. पाणी पन्हळीकडे वाहून जावं म्हणून प्रत्येक गच्चीला उतार असतो. आमच्या गच्चीला साधारण शंभरात एक. त्यामुळे गाडी पन्हळीकडे वेडीवाकडी पळायची आणि परत येताना कण्हायची. मी पट्ट्या टाकून रूळ सपाट करणार होतो. ड्रायव्हरसाहेबांनी मला अडवलं. बोरघाटात सदतीसात एकचा चढ आहे, तिथं कुणी सह्याद्री सपाट केला का? मागून बँकर इंजिन लावतात, ढकलायला. तेव्हा आपल्यालाही मागून एक इंजिन लागेल. कलम चारमध्ये रेल्वे एक म्हटलंय, इंजिनांचा आकडा नाही. बायकोनं पत्रिका आणून बघितलं. खरंच नव्हता. तिचा चेहरा एवढा पडलेला मी दहावीच्या निकालाच्या दिवशीही बघितला नव्हता.

बँकर इंजिन टळलं ते बॅटरीमुळे. भाचा सुट्टीवर आला, गच्चीवर चाललेला प्रकार त्यानं दाराआडून बघितला, आणि काही न बोलता एका सकाळी इंजिनाच्या मागच्या डब्यात लिथियमच्या बॅटऱ्या, एक बोटभर रिसीव्हर आणि हातात रिमोट असं सगळं बसवून टाकलं. रुळांतून वीज घ्यायचीच नाही. रूळ काळे असोत, ओले असोत, चिंचेचे असोत. मोटर नवी, मापाची. गिअर कोल्हापूरचा. वजनाचा ठोकळा परत आपल्या जागी. चुंबकांच्या जागी त्यानं कसलासा सेन्सर लावला. चार ठोके, घड्याळात लावून घ्यावेत असे.

इंजिन सुटलं. एक फेरी झाली, दहा झाल्या. पाहुण्यांना फोन करून बोलावलं. पाहुणे आले तरी थांबलं नाही. टाकीला वळसा, तुळशीला वळसा, चढावर जरा जड आवाज, उतारावर हलका. पाहुण्यांनी पाच मिनिटं बघितलं, "छान छंद आहे" म्हणाले आणि खाली टीव्हीसमोर जाऊन बसले.

आम्ही चौघं खुर्च्यांवर. हातांना काही काम नाही. डॉक्टरांनी फोर्सेप पुसले, पुन्हा पुसले आणि खोक्यात ठेवले. तंबोरेवाले म्हणाले, सुरात आहे. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. गाडी फिरतच होती. असल्या निर्दोष वस्तूकडे माणसानं किती वेळ बघायचं, याला काही मर्यादा आहे. मी चहा सांगितला. चहा संपला, गाडी फिरतच होती.

"पुण्याला कोथरूडमध्ये जोश्यांचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "१९९८ पासून. तिथं किती गाड्या एकदम पळतात."

"तिथं बघायला तिकीट आहे," मी म्हटलं. "म्हणून पळतात."

पुन्हा शांतता. मग ड्रायव्हरसाहेबांनी घसा खाकरला.

"मिरज स्टेशनात एकेकाळी तिन्ही गेज होते."

कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी खुर्च्या ओढल्या.

"ब्रॉडगेज, मीटर, आणि कुर्डुवाडीची नॅरो. बार्शी लाईट. १८९७ ला कॅलथ्रॉपसाहेबानं चालू केली. अडीच फुटी. आणि आपल्याकडं एकच? कुणी बाहेरचा बघंल तर काय म्हणंल?"

"अडीच फूट म्हणजे सातशे बासष्ट मिलिमीटर," बायको शेंगांतून म्हणाली. "भागिले साडेबावीस. चौतीस."

"बत्तीसचा रूळ तयार मिळतो," मी म्हटलं.

"दोन मिलिमीटर कमी?" ड्रायव्हरसाहेब दुखावले. "बार्शीचा माणूस एका नजरेत ओळखंल."

"मग रूळ इथंच ओढायचे," तंबोरेवाले म्हणाले. "पितळेचं काम आमच्याकडे रोजचं." डॉक्टरांनी खोकं उघडून फोर्सेप परत बाहेर काढायला सुरुवात केली होती.

मी भीतभीत बायकोकडे बघितलं. ती खाली गेली आणि लग्नपत्रिका घेऊन वर आली. चष्मा लावून कलम चार वाचलं.

"'गच्चीवर रेल्वे एकच राहील,'" तिनं मोठ्यानं म्हटलं.

"रेल्वे एकच की," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "गेज तीन."

तिनं पेन मागितलं. कलम चारच्या खाली जागा नव्हती, म्हणून पत्रिका उलटी करून वधूवरांच्या नावांच्या मधल्या गणपतीशेजारी लिहायला सुरुवात केली. नॅरोगेज, चौतीस मिलिमीटर, पन्हळीच्या बाजूनं.

"वहिनी, ब्रॉडगेजचं पण आताच लिहून टाका," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "परत परत कागद नको. सोळाशे शहात्तर."

"साडेचौऱ्याहत्तर," ती मान वर न करता म्हणाली. "पण मग पाण्याची टाकी हलवावी लागेल."